साठी झाली म्हणून गाणं थांबवायचं?

‘साठीनंतर गळा जातो, आता पोरांना गाऊ द्या’ हे सप्ताहाच्या मांडवात हमखास ऐकू येतं. हे अर्धसत्य आहे. १९४३ साली जन्मलेला, ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक मिक जॅगर २०२४ मध्ये, ऐंशी पार करून, रॉकचा दौरा करत होता.

वयाने स्वरतंतू पातळ होतात, नीट मिटत नाहीत. हवा निसटते, दम लवकर संपतो. पण गळा बसतो तो पुष्कळदा जुनी पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर आपला ‘सा’ धरतो ती, न सोडल्याने. पेटीच्या काळी चारला (चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्याने काळी तीनला यावं. दोनच अर्धस्वर उतरतात, पण गजराचा वरचा षड्ज (वरचा सा) ओरडावा लागत नाही. पखवाजही तेवढाच उतरवून घ्यावा, नाहीतर सगळं बेसूर. (पेटीवाला कुरकुरतो, कुरकुरू द्या.)

गाण्याआधी पाच मिनिटं पाण्यात दोन बोटं खोल बुडवलेल्या नळीतून बुडबुडे काढत ‘ऊ’ धरा. खडीसाखर स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, ती अन्ननलिकेत जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसभर घोट घोट पाणीच कामाचं. सारखं खाकरणं मात्र तंतूंवर तंतू आपटतं.

आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. तिथे वयाकडे बोट दाखवू नका.