विज्ञानपटांतील युद्धविरोध

परग्रह, यंत्रमानव, महाभयंकर अस्त्रे अशा कल्पित गोष्टींतून युद्ध योग्य की अयोग्य हे तपासणारी चित्रपटांतील धारा. धाकाने राखलेली शांतता आणि शस्त्रालाच नकार, अशी तिची दोन टोके. पहिल्याची उदाहरणे उदंड, दुसऱ्याची मोजकी.

हा फरक वर्धेकडच्या माणसाला फोडून सांगावा लागत नाही. धाम नदीकाठच्या पवनारात विनोबा भावे यांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून भाषण केले: इंग्रजांच्या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका. त्याच जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे प्रचंड दारूगोळा भांडार आहे.

‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मध्ये (१९५१) वॉशिंग्टनला उडती तबकडी उतरते. पाहुणा क्लाटू भेटवस्तू बाहेर काढतो, ती उघडते, तोच बिचकलेला शिपाई गोळी झाडतो आणि भेटीचे तुकडे होतात. प्रसंग अप्रतिम. पण जाताना हाच पाहुणा बजावतो की भांडण अंतराळात आणाल तर पृथ्वीची राख होईल. ही अहिंसा नव्हे, कोतवाली झाली.

इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ (१९५४) अधिक खोल जातो. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरील हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत जपानी मच्छीमारांवर किरणोत्सारी राख पडली होती. चित्रपटातील शास्त्रज्ञ सेरिझावाने लावलेल्या शोधाने टाकीतले मासे क्षणात सापळे होतात. गोजिरा (गॉडझिला) या राक्षसाला मारायला तो हे अस्त्र एकदाच देतो. पण आधी कागद जाळतो, आणि डोक्यातले ज्ञान कुणाच्या हाती लागू नये म्हणून समुद्रतळाशी स्वतःही मरतो. विनोबांनी मात्र तो ‘एकदाच’सुद्धा मान्य केला नसता.

‘वॉरगेम्स’मधला (१९८३) संगणक फुली-गोळा खेळता खेळता अणुयुद्धात कुणीच जिंकत नाही हे शिकतो. ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९९७) ही युद्धज्वराची टवाळी. अनेकांना ती कौतुकच वाटली.

‘अरायव्हल’मध्ये (२०१६) सारा पेच एका शब्दाचा. परग्रहवासी ‘शस्त्र’ देऊ करतात, असा अर्थ लागतो आणि देशोदेशींची सैन्ये सज्ज होतात. भाषातज्ज्ञ लुईस म्हणते, त्यांना साधनही म्हणायचे असेल. मराठीत ही अडचण मुळातच एका शब्दात सामावली आहे. तलवार हत्यार, तसा सुताराचा वाकसही हत्यारच. गावात न्हावी ‘हत्यारं काढतो’ तेव्हा कोणी पळत नाही, उलट गाल पुढे करून बसतो.