विजेरीतला ६८ ओहमचा रेझिस्टर

वळवाचा पाऊस झोडपून गेला की पुण्याच्या पेठांमध्ये कुठेतरी झाडाची फांदी तारांवर पडते आणि तास-दोन तास वीज जाते. अशाच एका संध्याकाळी आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने नाण्याच्या आकाराच्या सेलच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या एलईडीचे दोन पाय चिमटीत दाबून धरले, तो पेटवून दाखवला आणि विचारले, "मामा, हा तर नुसत्या सेलवर लागतो. मग त्याच्याबरोबर रेझिस्टर लावायला का सांगतात?" प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर हाताने करून पाहण्यासारखे होते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो आणि तीन पेन्सिल सेल, ते ओळीने जोडणारा प्लॅस्टिकचा होल्डर, ५ मिलिमीटर व्यासाचे काही पांढरे एलईडी, ६८ ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारे छोटे भाग; ओहम हे त्या अडवण्याचे, म्हणजे रोधाचे माप), एक छोटा स्लाइड स्विच आणि हातभर वायर घेऊन आलो. विजेरी बांधायला एवढे सामान पुरते.

जुन्या विजेरीतल्या बल्बला रेझिस्टर लागत नसे, कारण तो बल्ब स्वतःला आवर घालत असे. टंगस्टनची तार तापते तसा तिचा रोध वाढतो आणि वाढलेला रोध प्रवाहाला अडवतो. एलईडीचे वागणे याच्या अगदी उलट आहे. तो अर्धवाहकाचा डायोड, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग, असल्यामुळे ठरावीक व्होल्टेजपर्यंत त्यातून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही. ती पातळी ओलांडली, की व्होल्टेज काही दशांशांनी वाढले तरी प्रवाह अनेक पटींनी वाढतो. शिवाय एलईडी तापू लागला, की तेवढाच प्रवाह वाहायला त्याला पूर्वीपेक्षा कमी व्होल्टेज पुरते, म्हणजे गरम एलईडी त्याच सेलमधून आणखी जास्त प्रवाह ओढतो आणि त्यामुळे आणखी तापतो. हे चक्र थांबवणारे काही एलईडीच्या आत नसते. ते बाहेरून द्यावे लागते.

भाचीचा विश्वास बसावा म्हणून आम्ही एक एलईडी मुद्दाम खर्ची घातला. नवे तीन पेन्सिल सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट, थेट त्याच्या पायांना जोडले. डोळ्यांना खुपेल असा निळसर प्रखर प्रकाश पडला, पाय बोटांना गरम लागू लागले, आणि थोड्याच वेळात तो मंदावला तो कायमचाच. नंतर तोच एलईडी योग्य रेझिस्टरसह जोडला, तरी त्याचा मूळचा उजेड परत आला नाही.

पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास का लागतात, हे त्याच्या रंगात दडलेले आहे. विझलेला एलईडी भिंगाखाली समोरून पाहिला, तर आत पिवळा ठिपका दिसतो. तो फॉस्फरचा थर असतो आणि त्याखालची गॅलियम नायट्राइडची चिप खरे तर निळा प्रकाश देते. त्यातला काही निळा प्रकाश फॉस्फर शोषून घेतो आणि पिवळसर प्रकाश बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. निळ्या प्रकाशाच्या कणात लाल प्रकाशाच्या कणापेक्षा जास्त ऊर्जा असते आणि ती इलेक्ट्रॉनला व्होल्टेजमधूनच मिळवावी लागते. म्हणून लाल एलईडीचे २ व्होल्टमध्ये भागते, पांढऱ्याचे भागत नाही. निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये करून दाखवला, परंतु पुरेसा तेजस्वी निळा एलईडी यायला १९९० चे दशक उजाडले. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भाचीच्या चिमटीतला प्रकाश याच कामाचे फळ होता.

आता आकडेमोड. अशा एलईडीला उजळ पेटण्यासाठी साधारण ३.२ व्होल्ट आणि २० मिलिॲम्पिअर लागतात. सेल ४.५ व्होल्ट देतात, म्हणजे १.३ व्होल्ट रेझिस्टरवर पडायला हवेत. ओहमच्या नियमानुसार व्होल्टेजला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, म्हणून १.३ ला ०.०२ ने (२० मिलिॲम्पिअर म्हणजे ०.०२ ॲम्पिअर) भागले की ६५ ओहम येतात आणि बाजारात त्याच्या जवळचा ठरलेला आकडा ६८ चा आहे. त्यावरचे पट्टे निळा, करडा, काळा आणि सोनेरी असे असतात. या रेझिस्टरमध्ये उष्णतेच्या रूपाने जेमतेम ०.०२६ वॅट खर्च होतात, त्यामुळे पाव वॅटचा रेझिस्टर हाताला गरमही लागत नाही. दोनच सेल वापरले असते, तर ३ व्होल्टमध्ये एलईडी मिणमिणला असता आणि रेझिस्टरसाठी काही उरले नसते.

जोडणी सोपी आहे. होल्डरची लाल वायर स्विचला, स्विचमधून रेझिस्टरला, रेझिस्टरमधून एलईडीच्या लांब पायाला, आणि आखूड पाय काळ्या वायरला. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या कडेचा सपाट भाग पाहावा. ती ऋण बाजू. एवढ्या व्होल्टेजला एलईडी चुकून उलटा जोडला गेला तरी तो सहसा बिघडत नाही, फक्त पेटत नाही. डाख देताना मात्र घाई करू नये आणि रेंगाळूही नये. आधी वायर आणि पाय दोन्ही एकमेकांना पिळून घ्यावेत, सोल्डरिंग आयर्नचे टोक त्यांना लावून ते तापवावेत आणि मग डाखाची तार आयर्नला न लावता तापलेल्या जोडाला लावावी. डाख पाण्यासारखा पसरून चकाकला की जोड पक्का झाला; गोळा होऊन मळकट राहिला तर तो कधीतरी सुटणार. एलईडीचा पाय चिमट्याने धरला म्हणजे उष्णता चिपपर्यंत कमी पोहोचते. नेहमीच्या डाखात शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे. जुन्या मोबाइलचे लिथियम सेल या कामासाठी वापरू नयेत, कारण शॉर्ट झाल्यास ते पेट घेऊ शकतात.

प्रवासात नेतात तशी साबणाची डबी आम्ही खोके म्हणून वापरली. तिच्या एका बाजूला तापलेल्या सुईने भोके पाडून ती मोठी केली आणि त्यांत एलईडी व स्विच बसवले. परावर्तक लागला नाही, कारण चिपवरचा पारदर्शक घुमट स्वतःच भिंगाचे काम करतो आणि उजेड पुढे एकवटतो.

यानंतरचे मोजमाप मला सगळ्यांत मोलाचे वाटते. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावला, तेव्हा १.३८ व्होल्ट दिसले. भाचीने स्वतः ६८ ने भागले आणि २० मिलिॲम्पिअर आले. एकही वायर न तोडता प्रवाह कळला. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता २००० मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास असते. ओळीने जोडल्यावर व्होल्टेजची बेरीज होते, क्षमतेची नाही, त्यामुळे हिशेबाने १०० तास मिळतात. प्रत्यक्षात सेल उतरत जातात तसा उजेडही हळूहळू कमी होतो, पण प्रत्येक सेल १.२ व्होल्टवर आला तरी जिना उतरण्याइतका तो टिकतो. जास्त उजेडासाठी आणखी एलईडी जोडायचे असतील, तर प्रत्येकाला स्वतःचा ६८ ओहमचा रेझिस्टर द्यावा. कोणतेही दोन एलईडी हुबेहूब सारखे नसतात आणि एकाच रेझिस्टरवर टाकले, तर त्यांतला एक जास्त प्रवाह ओढून घेतो.

शेवटी आम्ही त्या नाण्याएवढ्या सेलकडे वळलो. मोकळा असताना त्याने ३.१ व्होल्ट दाखवले. एलईडी लावताच ते २.८ वर घसरले आणि प्रवाह भरला सुमारे ४ मिलिॲम्पिअर. गहाळ झालेल्या ०.३ व्होल्टना भाचीने ०.००४ ने भागले. उत्तर आले ७५ ओहम. तो रेझिस्टर सेलच्या पोटातच होता.