सेप्सिसनंतरची प्रतिकारशक्ती: 28 दिवसांच्या पलीकडे

सेप्सिसमधून, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या आजारातून, वाचून घरी गेलेला रुग्ण काही महिन्यांतच न्यूमोनियाने किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने पुन्हा दाखल होतो, हे अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना नवे नाही. त्याचे खापर वर्षानुवर्षे वय, मधुमेह आणि कॅथेटर यांच्यावर फुटत राहिले. जन्मजात प्रतिकारशक्तीकडे, म्हणजे कोणत्याही जंतूवर लगेच तुटून पडणाऱ्या पहिल्या फळीकडे, मात्र फारसे कोणी बोट दाखवले नाही.

सुगावा तसा जुनाच. 1940 च्या दशकात सशांना टायफॉइडची लस पुन्हा पुन्हा टोचली, तेव्हा दर खेपेस ताप कमी येत गेला. जिवाणूच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिनला शरीर सरावते, इतकेच त्यातून नोंदले गेले. पुढे 1985 मध्ये टीएनएफ या सायटोकाइनविरुद्धची, म्हणजे पेशींमधल्या एका संदेशवाहक प्रथिनाविरुद्धची, अँटीबॉडी आधी टोचलेले उंदीर एंडोटॉक्सिनच्या घातक मात्रेतूनही वाचू लागले आणि सगळे लक्ष तिकडे गेले. सेप्सिस म्हणजे प्रतिकारशक्तीचा भडका, तो विझवला की रुग्ण वाचला, हे समीकरण पक्के झाले.

त्यानंतरच्या सेप्सिसच्या औषधांच्या चाचण्यांनी यशाचे माप ठरवले ते 28 दिवसांतल्या मृत्यूंचे. या निर्णयावर आजही वाद आहे. बाजूने सांगितले जाते ते असे: महिन्याभरानंतरचा मृत्यू कर्करोगाने झाला की हृदयविकाराने, हे सांगणे अवघड, शिवाय औषधाचा परिणाम लवकर मोजता आला तरच चाचणी आवाक्यात राहते. म्हणणे खोटे नाही. पण त्याची किंमत मोठी होती. 29 व्या दिवशी जिवंत असलेला माणूस हिशेबात ‘बरा’ ठरला, मग तो व्हेंटिलेटरवर का असेना. टीएनएफ आणि एंडोटॉक्सिन रोखणारी औषधे मोठ्या चाचण्यांत एकामागून एक अपयशी ठरली, तेव्हाही चर्चा झाली ती मात्रेची, वेळेची आणि रुग्णांच्या निवडीची. वाचलेल्यांच्या पांढऱ्या पेशी नंतर कशा वागतात, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हता.

1997 मध्ये बर्लिनमधल्या एका छोट्या अभ्यासात तो मांडला गेला. काही रुग्णांच्या मोनोसाइटवरचा (जंतू गिळणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरचा) एचएलए-डीआर हा, जंतूंचे तुकडे इतर पेशींना दाखवणारा रेणू कमालीचा घटला होता आणि त्या पेशी एंडोटॉक्सिनला जवळपास दादच देत नव्हत्या. इंटरफेरॉन-गॅमा हे पेशींना चेतवणारे सायटोकाइन दिल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या. तोवर ‘आधी भडका, मग भरपाई म्हणून शांतता’ अशी दोन टप्प्यांची मांडणी रूढ होत होती. ती नीटनेटकी होती, म्हणूनच टिकली. 2011 मध्ये गंभीर जखमींच्या पांढऱ्या पेशींतील जनुके तपासली, तर दोन्ही गोष्टी पहिल्यापासून एकदमच सुरू असल्याचे दिसले. त्याच वर्षी सेप्सिसने दगावलेल्या 40 जणांच्या प्लीहेतील पेशी मृत्यूनंतर लगेच तपासण्यात आल्या. उत्तेजित केल्यावर त्यांनी सोडलेली सायटोकाइन्स तुलनेच्या गटाच्या 10 टक्क्यांहूनही साधारणपणे कमी भरली.

तरीही सेप्सिसच्या 2016 च्या व्याख्येने अवयव निकामी झाल्याचे मोजमाप ठेवले ते फुप्फुस, रक्त गोठणे, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहांवरच. बिघाड शरीराच्या प्रतिसादात आहे असे म्हणायचे आणि प्रतिकारशक्तीला मात्र गुण द्यायचे नाहीत, ही विसंगती खटकते.

मोनोसाइट रक्तात जेमतेम एक-दोन दिवस राहतो, न्यूट्रोफिल ही दुसरी पांढरी पेशी त्याहून कमी. मग परिणाम महिनोन्‌महिने कसा टिकतो? अलीकडच्या संशोधनाचा रोख दोन ठिकाणी आहे. एक, अस्थिमज्जा: तिथल्या मूळपेशी घाईघाईने अपरिपक्व पेशी रक्तात सोडतात, त्यांतल्या काही तर इतर पेशींना दाबणाऱ्या असतात. दुसरे, ऊतींत मुक्काम करणारे मॅक्रोफेज, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या पेशी. न्यूमोनियातून उठलेल्या उंदरांच्या फुप्फुसात संसर्ग ओसरल्यावर तयार झालेले नवे मॅक्रोफेजही जिवाणू गिळण्यात कमी पडतात, हे 2020 मध्ये दिसले. म्हणजे हे वळण त्यांना भोवतालच्या ऊतीतून लागते. अतिदक्षतेतून बाहेर आलेल्या माणसांच्या पेशींतही हा मंदपणा काही महिने आढळला. जनुकांचा क्रम बदलत नाही. बदलतात त्यांवरच्या एपिजेनेटिक खुणा, म्हणजे कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा. बीसीजी लशीने मोनोसाइट अधिक तत्पर होतात तेही अशाच खुणांमुळे, फक्त उलट दिशेने.

हे रुग्ण मुळातच अशक्त होते, हा जुना आक्षेप 2016 च्या एका अमेरिकी अभ्यासाने बराच सैल केला. वय आणि आधीचे आजार जुळवून तुलना केली, तरी वाचलेल्यांपैकी पाचांत एकाहून अधिकांचा पुढच्या दोन वर्षांतला मृत्यू आधीच्या प्रकृतीने स्पष्ट होत नव्हता. त्यात जन्मजात प्रतिकारशक्तीचा वाटा किती, हे मात्र अशा नोंदींवरून काढता येत नाही. त्यासाठी आधी रुग्णांची प्रतिकारशक्ती मोजावी लागते. 2009 मधल्या जर्मन चाचणीने ते केले होते: एचएलए-डीआर ठरावीक पातळीखाली असलेले 38 रुग्णच निवडले आणि त्यांतल्या निम्म्यांना जीएम-सीएसएफ हे पांढऱ्या पेशी वाढवणारे आणि चेतवणारे प्रथिन दिले. त्यांच्या मोनोसाइटवरचा रेणू पूर्ववत झाला, व्हेंटिलेटरवरचा काळही कमी झाला. मृत्यूदराबद्दल काही म्हणायला 38 हा आकडा पुरेसा नव्हता.