मसा रक्तात दिसत नाही

"ताई, रक्तात मसा दिसतो का हो?"

दांडिया बाजारातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर एका गृहस्थांनी अगदी खालच्या आवाजात हे विचारलं. वय पस्तिशीचं. बडोद्याच्या मराठीत चामखिळीला 'मसा' म्हणायची सवय गुजरातीतून आली आहे, आणि गुजरातीत मूळव्याधीच्या मोडालाही मसाच म्हणतात. 'हरस-मसा-भगंदर'च्या पाट्या इथे भिंतीभिंतीवर दिसतात. या गृहस्थांना शौचाच्या जागेजवळ दोन-तीन मऊ, खरबरीत उंचवटे हाताला लागले. पाटी वाचलेली होतीच. मूळव्याध समजून चार महिने ते मलम लावत राहिले. उंचवटे वाढत गेले, मग लिंगाच्या मुळाशीही एक आला. तेव्हा कुठे त्यांना वेगळी शंका आली, आणि डॉक्टरांना दाखवायची लाज वाटली म्हणून ते थेट लॅबमध्ये 'सगळ्या टेस्ट' करायला आले.

लाजेने माणूस डॉक्टरकडे न जाता सुईकडे येतो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. रक्त दिलं की कपडे उतरवावे लागत नाहीत, काही सांगावंही लागत नाही. पण या आजाराच्या बाबतीत नेमकं हेच चालत नाही.

जननेंद्रियांवरच्या चामखिळी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीमुळे होतात. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. या चामखिळींपैकी सुमारे 90 टक्के 6 आणि 11 या दोन क्रमांकांच्या प्रकारांमुळे येतात. शरीरसंबंधाच्या वेळी त्वचेला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. त्यातून विषाणू त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशीत शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो. त्या पेशी वाढत-वाढत वर सरकतात, तसा तोही त्यांच्याबरोबर वर येतो. अगदी वरच्या थरात पोचल्यावर त्याच्या भरमसाट प्रती तयार होतात, आणि मेलेल्या पेशींची साल गळते तिच्याबरोबर त्या बाहेर पडतात. या सगळ्या प्रवासात तो रक्तात उतरत नाही. पेशी फोडत नाही, सूज आणत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांनाही त्याचा सुगावा उशिरा लागतो. कित्येकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. ज्यांच्यात होतात, त्यांच्यातही लागण कधी झाली, कुठे झाली, आज आहे की जाऊन दोन वर्षं झाली, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. म्हणून चामखिळीसाठी रक्ताची तपासणी नाही.

मग निदान कसं होतं? डोळ्यांनी. चांगला उजेड आणि त्वचारोगाचा अनुभवी डॉक्टर, एवढं बहुतेक वेळा पुरतं. उंचवटा काळपट असेल, कडक असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा औषधाला दाद देत नसेल, तर छोटा तुकडा काढून बायॉप्सीला पाठवतात. लिंगाच्या बोंडाच्या कडेने ओळीत असलेले बारीक मोत्यासारखे दाणे तर मुळात आजारच नाहीत, ती शरीराची ठेवण आहे. ते चामखीळ समजून पायातल्या भोवरीचं औषध लावणारे आणि कातडी भाजून घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्या नाजूक जागेवर ते औषध कधीही लावू नये.

एवढं सांगूनही मी त्या गृहस्थांना परत पाठवलं नाही. चामखीळ रक्तात दिसत नसली, तरी ज्या वाटेने ती आली त्याच वाटेने दुसरं काही आलेलं असू शकतं. आमच्या आजीच्या पिढीत 'गर्मी' आणि 'परमा' हे शब्द कुजबुजत बोलले जायचे. गर्मी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात याच जागी चपटे, ओलसर उंचवटे येतात आणि ते चामखिळीसारखे दिसतात. म्हणून डॉक्टर व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी लिहून देतात. गनोरिया आणि क्लॅमिडिया (संबंधातून पसरणारा आणखी एक जंतुसंसर्ग) यांच्यासाठी लघवीचा नमुना पुरतो, मात्र संबंधांच्या प्रकारानुसार घशातून किंवा गुदद्वारातून स्वॅब घ्यावा लागतो. क्लॅमिडिया बहुतेकदा काहीच लक्षणं दाखवत नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी रक्तातून कळतात.

आणि इथे तारीख फार महत्त्वाची. काल संबंध आला आणि आज रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्याला अर्थ नाही. एचआयव्हीची प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी लॅबमधली तपासणी 45 दिवसांनंतर भरवशाची होते, फक्त प्रतिपिंडं शोधणारी 90 दिवसांनंतर. सिफिलिसची जखमच 10 ते 90 दिवसांत कधीही उमटू शकते, आणि व्हीडीआरएल त्याहीनंतर काही आठवड्यांनी पॉझिटिव्ह येते. म्हणून आम्ही फॉर्मवर 'शेवटचा संबंध कधी' असं विचारतो. ती चौकशी चारित्र्याची नसते.

खर्च परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. आपल्याकडे सयाजी हॉस्पिटल आहेच. अशा आजारांसाठी सरकारी 'सुरक्षा क्लिनिक' चालतात, आणि 1097 या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. 2017 च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि रिपोर्ट गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

गृहस्थांचा खरा प्रश्न शेवटी आला. "बायकोला काय सांगू? तिला वाटेल, आत्ताच काहीतरी केलं."

लागण झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात, पण कधीकधी वर्षंही जातात. लग्नाआधीची लागण लग्नानंतर बऱ्याच काळाने वर येऊ शकते. कोणाकडून कोणाला, हे कोणतीही लॅब सांगू शकत नाही. या एका गोष्टीवरून संसार मोडू नयेत, असं मला फार मनापासून वाटतं. मी त्यांना दोघांनी मिळून डॉक्टरकडे जायला सांगितलं. त्यांच्या बायकोने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी, असंही सांगितलं. 6 आणि 11 हे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणारे प्रकार नव्हेत, तो मुख्यतः 16 आणि 18 मुळे होतो. पण ती तपासणी तिशीनंतर प्रत्येकीने करायचीच असते.

उपचार आहेत: लावायची औषधं, द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं, विजेने जाळणं. चामखीळ जाते, पण विषाणू आसपासच्या कातडीत काही काळ राहू शकतो, म्हणून पुन्हा उगवली तरी उपचार फसला असं समजू नये. कंडोममुळे धोका कमी होतो, पण तो झाकत नाही त्या कातडीतूनही हा विषाणू जातो.

तीन महिन्यांनी ते पुन्हा नमुना द्यायला आले, या वेळी बायकोबरोबर. रिपोर्ट निगेटिव्ह होते. त्यांना दहा वर्षांची मुलगी आहे. बायकोने एचपीव्हीच्या लशीबद्दल विचारलं. मी ऑस्ट्रेलियाचं सांगितलं. तिथे 2007 मध्ये मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यांत येणाऱ्या एकवीसच्या आतल्या तरुणींमध्ये चामखिळींचं प्रमाण 2007 मध्ये 11.5 टक्के होतं, ते 2011 मध्ये 0.85 टक्क्यावर आलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅकमध्येही 6, 11, 16 आणि 18 हे चारही प्रकार आहेत. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. तिने पर्समधून लाइटबिल काढलं आणि त्याच्या पाठीवर ते चार आकडे लिहून घेतले.