पट्टी पुढे का सरकत नाही?

हजारो फोटो लहान करायला एखाद्या प्रोग्रॅमला बसवलं, की कधी कधी विंडो पांढुरकी पडते आणि वर 'नॉट रिस्पाँडिंग' अशी अक्षरं उमटतात. प्रोग्रॅम मेला असं समजून आपण तो बंद करतो. पुष्कळदा तो मेलेला नसतो. काम चालूच असतं, पण ते सांगायला, म्हणजे किती काम झालं ते दाखवणारी पट्टी (प्रोग्रेस बार) पुढे सरकवायला, जागेवर कुणी नसतं.

एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी आठवा. आत बसलेला माणूस स्वतःच गाडी बघायला डेपोत गेला, तर बाहेरची रांग जागच्या जागी थांबते. डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये अशी खिडकी साधारणपणे एकच असते: मुख्य थ्रेड. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला एका वेळी एकच काम करणारा कामगार. माउसचे क्लिक, कळफलकाची बटणं, पडद्यावरची चित्रं, सगळं त्याच्याच रांगेत येतं. त्यानं 5 सेकंद रांगेकडे पाहिलंच नाही, तर विंडोज त्या विंडोला 'प्रतिसाद देत नाही' असं ठरवतं.

म्हणून जड काम दुसऱ्या, पार्श्वभूमीतल्या थ्रेडकडे द्यायचं. पण त्यानं पडद्याला थेट हात लावायचा नाही. दोन थ्रेड एकाच वेळी तीच पट्टी बदलू लागले, तर ती अर्धवट रंगते किंवा प्रोग्रॅम कोसळतो. डेपोतल्या माणसानं माइक हिसकावायचा नाही, चिठ्ठी पाठवायची: '10,000 पैकी 3,200 झाले.' चिठ्ठी रांगेत लागते आणि खिडकीतला माणूस ती वाचून पट्टी सरकवतो.

इथे उत्साह नडतो. 10,000 फोटो 20 सेकंदांत होत असतील आणि प्रत्येकाची चिठ्ठी गेली, तर सेकंदाला 500 चिठ्ठ्या. नेहमीचा पडदा सेकंदाला 60 वेळाच नवं चित्र दाखवतो. चिठ्ठ्यांच्या ढिगाखाली मुख्य थ्रेड पुन्हा गुदमरतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं जातं. सेकंदाला दहा चिठ्ठ्या डोळ्यांना पुरतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 2006 साली आलेल्या जावा 6 आवृत्तीतला स्विंगवर्कर (पार्श्वभूमीतलं काम सांभाळणारं तयार साधन) साचलेल्या चिठ्ठ्या एकत्र करून देतो, ती सोय मला फार शहाणपणाची वाटते.

वाट पाहणाऱ्याला आकडा हवाच असतो. टोरंटो विद्यापीठात शिकत असताना ब्रॅड मायर्स यांनी याचा प्रयोग केला, तो 1985 साली प्रसिद्ध झाला. लोकांनी पट्टी असलेल्या प्रोग्रॅमलाच पसंती दिली.

पण आकडा खरा हवा. 4 एमबीचे 99 फोटो आणि 2 जीबीचा एक व्हिडिओ कॉपी होतोय असं समजा. फायली मोजल्या तर फोटो संपताच पट्टी 99 टक्क्यांवर जाते आणि तिथेच रुतून बसते. बाइट मोजले तर त्या क्षणी काम जेमतेम 16 टक्के झालेलं असतं. ते 16 दिसलं, तर माणूस निश्चिंतपणे चहाला उठू शकतो. आणि एकूण किती काम आहे हेच ठाऊक नसेल, तर टक्के दाखवूच नयेत. नुसतं फिरतं चक्र आणि 'आत्तापर्यंत 3,200 फायली' एवढं पुरे.