जुन्या इमारतीतलं घर घेताय? आधी मान वर करा

दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट दाखवायला नेलं की ग्राहक आधी छताकडे बघतो. अकरा-बारा फूट उंची, जाड सागवानी दारं, पायाखाली रंगीत सिमेंटच्या नक्षीच्या लाद्या, कोपऱ्याला गोलाई घेतलेली गॅलरी. 'असं कोण बांधतंय आता?' हे आम्ही दर रविवारी ऐकतो. कोणीच बांधत नाही, म्हणून तर भाव चढा आहे. पण टोकन देण्याआधी पुढचं जरा निवांतपणे वाचा.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या शहराबाहेर हवा खेळेल अशा वसाहती त्याने आखल्या, दादर-माटुंगा त्यातलंच. तिथल्या बऱ्याच इमारती दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आहेत. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, त्यामुळे काही भूखंड आजही पालिकेच्या भाडेपट्ट्यावर आहेत. पट्ट्याची मुदत किती उरली आहे, हे कागदावर बघा. विक्रेत्याच्या 'त्याचं काही टेन्शन नाही'वर जाऊ नका.

मालकीची की पागडीची?

एकाच गल्लीत दोन्ही सापडतात. पागडीच्या जागेत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. भाडेपावती तुमच्या नावावर होते आणि नाव बदलून देताना घरमालक आपला हिस्सा घेतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या देवघेवीला मान्यता दिली आहे, तेव्हा त्यात गैर काही नाही. मात्र मालकी नसल्यामुळे अशा जागेवर गृहकर्ज मिळणं अवघड असतं. पैशांची जुळवाजुळव त्या हिशेबाने करा. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर (उपकर) भरणारी आहे का, तेही विचारा. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती 'अ' वर्गात मोडतात आणि त्यांच्या दुरुस्तीचा विषय म्हाडाच्या मंडळाकडे जातो.

पोटमाळ्याचे फूट

जाहिरातीत हल्ली 'लॉफ्ट अपार्टमेंट' असं लिहितात. आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे गणपतीचं मखर आणि दिवाळीचा कंदील ठेवायची जागा! उंच छताचा फायदा घेऊन अनेकांनी मधे लाकडी किंवा लोखंडी पोटमाळा टाकलाय, वर मुलांची अभ्यासाची खोलीही केली आहे. दिसतं झकास. पण तो मंजूर नकाशात आहे का? एका फ्लॅटचं आम्ही स्वतः टेपने माप घेतलं, तेव्हा सांगितलेल्या हजार फुटांतले दीडशे फूट माळ्याचे निघाले. माळा नकाशात नसेल, तर त्याचे पैसे चटई क्षेत्राच्या भावाने देऊ नका.

स्लॅब

आम्ही सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो. त्या काळच्या आरसीसीत सळईवरचं काँक्रीटचं आवरण बरेचदा पातळ असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि समुद्राची खारी हवा आत शिरली की सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. काठीने ठोकल्यावर बदबद आवाज आला, तर तिथे पोकळी आहे असं समजा. अभियंता एक सोपी चाचणीही करतो. काँक्रीटला छोटं भोक पाडून आत फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारतो. गुलाबी रंग आला तर त्या भागातलं काँक्रीट अजून सळईला जपतंय. रंग आलाच नाही, तर तिथलं संरक्षण संपलंय. नव्या पीओपी छताला आम्ही थोडे बिचकतोच. शोभेसाठी केलेलं असेलही, पण एखादा तुकडा उघडून दाखवायला सांगा. विक्रेता 'कशाला उगाच' म्हणाला तर आणखी दोन तुकडे उघडायला सांगा.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कायद्याने बंधनकारक आहे. अहवाल मागा आणि वर्ग बघा. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. तिथे लाद्यांच्या प्रेमात पडण्यात अर्थ नाही.

वरखर्च

मालकीच्या घरावर मुंबईत सध्या मेट्रो अधिभार धरून ६ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आगाऊ कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची. हे अनेकजण विसरतात आणि मग नोटीस आली की आम्हाला फोन करतात.

घर बघायला शक्यतो जुलै-ऑगस्टात या, चांगला पाऊस लागलेला असताना. उन्हाळ्यात रंग मारून झाकलेली ओल तेव्हा भिंतीवर स्वतःहून नकाशा काढून दाखवते. येताना टॉर्च आणा, छत्री आम्ही देऊ.