तूर ज्वारीला नत्र 'देते' म्हणजे नेमकं काय?

ज्वारीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचं एक तास, ही पेरणी खताच्या पोत्यांपेक्षा कितीतरी जुनी. तिफणीमागे सरतं (बी सोडायची नळी) धरून तूर सोडणाऱ्यांचा हिशेब साधा होता: एक पीक गेलं तरी दुसरं घरात येईल.

मातीचं कारण उशिरा जोडलं गेलं. १८८६ ते १८८८ दरम्यान जर्मनीत सिद्ध झालं की शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला वापरता येईल अशा रूपात बांधतात. तुरीचं रोप हलक्या हातानं उपटून गाठ नखानं फोडली की आत गुलाबी दिसतं. म्हणजे काम चालू आहे. पांढरट निघाली तर गाठ असून नसल्यासारखी.

इथूनच 'तूर ज्वारीला नत्र देते' हे वाक्य रुळलं, आणि घोळ झाला तो 'देते' या क्रियापदाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर कोरडवाहू संशोधनाला जोर आला. हैदराबादजवळच्या प्रयोगांत खुणेचा नत्र (वेगळा ओळखता येणारा नायट्रोजनचा समस्थानिक) वापरून माग काढला, तेव्हा त्याच हंगामात ज्वारीकडे फारसं काही गेल्याचं दिसलं नाही. ज्वारी साधारण चार महिन्यांत निघते. तूर मागे दीड-दोन महिने उभी असते आणि बांधलेला बराचसा नत्र शेंगांत भरते. ज्वारीचा फायदा होतो तो तूर सुरुवातीला हळू वाढते आणि जमिनीतल्या नत्रासाठी फार भांडत नाही म्हणून. देणं घडतं ते पुढच्या पिकाला, गळलेल्या पाल्यातून आणि मुळांतून. तरीही 'तूर आहे ना, मग ज्वारीचा युरिया कमी करा' असा सल्ला सर्रास दिला गेला. माझ्या मते तो घाईचा होता.

स्फुरदाची (फॉस्फरसची) गोष्ट याहून रंजक. तुरीच्या मुळांतून पाझरणारं एक आम्ल लोहाशी बांधलेला स्फुरद सोडवतं, हे १९९० मध्ये पुढे आलं. पण ती करामत लाल मातीतली. आपल्या काळ्या रानात स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेला असतो, तिथे हे आम्ल फारसं कामी येत नाही.

चुनखडीच्या रानात उपयोगी पडतं ते चीनमधलं मका-भुईमुगाचं उदाहरण. मक्याची मुळं लोह विरघळवणारा स्राव सोडतात, त्यामुळे मक्याला लागून असलेल्या ओळींतला भुईमूग हिरवा राहतो. लांबच्या ओळी लोह न मिळाल्यानं पिवळ्या पडतात.